बर्थराइट इस्रायल

बर्थराइट इस्रायल : जगभरातील ज्यू तरुणांना इस्रायलची पहिली सामूहिक सहल विनाखर्च घडवणारा उपक्रम. हिब्रूत तो ‘तगलीत’ या नावाने ओळखला जातो. पहिले गट डिसेंबर १९९९ मध्ये इस्रायलला पोहोचले. त्यानंतर ८ लाखांहून अधिक तरुण जाऊन आले असून त्यांतले बहुसंख्य अमेरिकेतले आहेत.

उपक्रमामागे एक धास्ती होती. अमेरिकेतील ज्यूंच्या १९९० सालच्या पाहणीत, नुकत्याच लग्न झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी ज्यू नसलेला जोडीदार निवडल्याचे दिसले. त्या मोजणीवर पुढे आक्षेप निघाले, पण समाजधुरीणांची झोप उडायची ती उडालीच. प्रत्येक ज्यू तरुणाला एकदा तरी इस्रायल दाखवावे, ही कल्पना इस्रायली राजकारणी योसी बेलिन यांची. पैसा उभा केला तो मुख्यतः चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकेल स्टाइनहार्ट या धनिकांनी. इस्रायल सरकार आणि ठिकठिकाणच्या ज्यू संस्थाही वाटा उचलतात. गंमत अशी, की बेलिन हे पॅलेस्टिनींशी झालेल्या ओस्लो शांतता कराराच्या शिल्पकारांपैकी एक; तर पुढे सर्वांत मोठा देणगीदार ठरला तो उजव्या राजकारणाचा खंदा पाठीराखा, कॅसिनोसम्राट शेल्डन अ‍ॅडेल्सन.

सहल साधारणतः १० दिवसांची, वयोमर्यादा १८ ते २६ (मध्यंतरी काही वर्षे ती ३२ पर्यंत वाढवली होती). आई किंवा वडील ज्यू असले तरी चालते. ही अट सैल वाटली तरी तिच्यात एक पेच आहे : धर्मशास्त्र वंश आईकडून मोजते आणि इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने रब्बींच्या अखत्यारीत लागतात. त्यामुळे वडिलांच्या नात्याने सहलीला पात्र ठरलेल्याचे लग्न त्याच देशात ज्यू म्हणून लागेलच असे नाही.

सहलीचा खरा वर्ग भरतो बसमध्ये. सुमारे ४० जण, एक इस्रायली वाटाड्या, सोबतचे गटप्रमुख आणि सशस्त्र रक्षक. त्यांत त्याच वयाचे काही इस्रायली येऊन मिळतात. बहुतेक लष्करी सेवेत असलेले. जेरुसलेममधल्या हर्झल टेकडीवरच्या लष्करी दफनभूमीत वाटाडा इतिहास सांगतो आणि मग त्या इस्रायलींपैकी एखादा आपल्या ओळखीच्या जवानाची कबर दाखवतो. कालपर्यंत मागच्या बाकावर गाणी म्हणणाऱ्या मुलाने हे सांगितले, की त्याचा परिणाम वेगळाच होतो. आयोजक हे पुरते जाणून आहेत.

जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी मुलामुलींचा गट दुभंगतो, कारण पुरुष आणि स्त्रियांच्या जागा वेगळ्या. दगडांच्या फटींत प्रार्थनेच्या चिठ्ठ्या खोचल्या जातात. वर्षातून दोनदा त्या काढून ऑलिव्ह पर्वतावर पुरतात. याद वाशेम हे नरसंहाराचे स्मारक, मृत समुद्र, बेदुइन तंबूतला मुक्काम, तेल अवीव हे थांबे बहुधा ठरलेले. मसाडाच्या किल्ल्यावर पहाटे चढून सूर्योदय पाहायचा. रोमनांच्या हाती लागण्यापेक्षा येथे ९६० जणांनी मरण पत्करले, असे इतिहासकार जोसिफस लिहितो. त्या कथेचा पुरातत्त्वीय पुरावा कितपत, यावर अभ्यासकांचे एकमत नाही; पहाटेच्या त्या वेळी मात्र ही शंका क्वचितच कोणाला शिवत असेल.

या उपक्रमाचा परिणाम मोजणे तुलनेने सोपे गेले. अर्ज जागांपेक्षा अधिक येत, त्यामुळे गेलेल्यांची तुलना अर्ज करूनही न गेलेल्यांशी करता आली. ब्रँडाइस विद्यापीठाच्या अभ्यासांत जाऊन आलेल्यांना इस्रायलविषयी अधिक जवळीक वाटते आणि त्यांनी ज्यू जोडीदार निवडण्याची शक्यताही अधिक, असे आढळले.

टीका आहे ती सहलीत काय दाखवले जात नाही यावर, म्हणजे पॅलेस्टिनींची बाजू. १९५० च्या परतीच्या कायद्यानुसार, ब्रुकलिनमध्ये जन्मलेला ज्यू तरुण कधीही इस्रायलचा नागरिक होऊ शकतो. १९४८ मध्ये घर सोडावे लागलेल्या पॅलेस्टिनीच्या नातवाला तो हक्क नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात पाच तरुणी सहल अर्धवट सोडून, कॅमेऱ्यासमोर बसमधून उतरल्या आणि इस्रायलव्याप्त वेस्ट बँकमधले हेब्रॉन पाहायला गेल्या. आयोजकांच्या मते हा राजकीय देखावा होता. पण राजकारणापासून अलिप्त असल्याचा या सहलीचा दावाही तितकाच कच्चा आहे.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या संदर्भात ‘पूर्वजांची भूमी’ ही कल्पना दोन्ही बाजूंनी चालते. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांची कथा ते सांगतात. पेणकर, किहिमकर अशी आडनावे गावांवरून आली. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तेथे जन्मलेली त्यांची नातवंडे आता उलट वाटेने अलिबागकडे येतात, आजोबांचे गाव आणि जुनी सिनेगॉग शोधत. या सहलींना मात्र देणगीदार नाही. आपापल्या पैशाने यावे लागते.

सहलींना अनेकदा खीळ बसली. २००० च्या इंतिफादानंतर (पॅलेस्टिनी उठावानंतर) संख्या घटली, २०२० मध्ये कोविडने आणि हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर त्या थांबल्या; जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध पेटून हवाई हद्द बंद झाली, तेव्हा अडकलेल्यांपैकी सुमारे १,५०० जणांना प्रवासी जहाजाने सायप्रसला हलवण्यात आले.