मानभावी, सकळ लिपी आणि ठाण्याचे भावे

"उगाच मानभावीपणा करू नकोस" हे आपण ऑफिसात, घरात किती सहज म्हणतो! हा शब्द आला 'महानुभाव'वरून. म्हणजे एका अख्ख्या पंथाचं नाव आपण ढोंगीपणासाठी वापरतो. हे असं का झालं ते शोधत मी १३व्या शतकात गेलो आणि तिथून थेट ठाण्यात पोचलो.

महानुभावांचं 'लीळाचरित्र' म्हणजे बऱ्याच अंशी गप्पाच आहेत. चक्रधरस्वामी, त्यांना प्रश्न विचारणारे स्त्री-पुरुष आणि स्वामींची उत्तरं. स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी ज्याला जे आठवत होतं ते विचारून विचारून लिहून घेतलं, साधारण १२७८च्या सुमारास. आणि प्रश्न काही साधेसुधे नाहीत हं. विटाळ का पाळायचा? स्वामींचं उत्तर असं, की शरीरातून बाकीचे मळ बाहेर येतात तसाच हा एक, त्यात शिवाशिव कसली! आपल्या सोसायट्यांमध्ये हे आजही सगळ्यांना पटेल का, सांगता येत नाही. पुढे केशिराजांनी संस्कृतात प्रश्न केला, तर नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. का? तर पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना मग काही कळणार नाही!

आणि याच लोकांनी १४व्या शतकात आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत घातले. सकळ लिपी, सुंदरी लिपी वगैरे. मूळ अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, किल्ली फक्त पंथातल्यांकडे. आपल्या भाषेत एन्क्रिप्शन :) परकी आक्रमणं, समाजाचा विरोध, पावित्र्य जपणं अशी कारणं सांगतात. पोथ्या टिकल्या खऱ्या. पण जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक काहीबाही बोलणारच. संशय वाढत गेला, आणि त्यातलाच हा 'मानभावी'.

आता ठाणे. विनायक लक्ष्मण भावे (१८७१-१९२६), व्यवसाय मिठागराचा, नाद जुन्या पोथ्यांचा. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, त्यात ते पुढे होते. त्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत'ची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा हे साहित्य जवळजवळ कुलुपातच होतं. पुढे इतिहासाचार्य राजवाडे आणि भावे यांच्या खटपटीने लिपीचं कोडं सुटलं आणि १९१९च्या आवृत्तीत महानुभावांना त्यांची जागा मिळाली.

मला विचाराल तर लिपी फोडणं हा त्यातला सोपा भाग. कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसलं की असली लिपी आज ना उद्या सुटते. पण मोजायला आधी पोथी हातात हवी ना? ती होती महंतांकडे, आणि ज्या समाजाने त्यांचं नाव शिवीसारखं वापरलं त्याच समाजातले हे संशोधक. मला तर महंतांचं जास्त कौतुक वाटतं.

असो. 'सारस्वत' वाचायचं असेल तर शं. गो. तुळपुळ्यांची पुरवणी जोडलेली आवृत्ती शोधा. जाडजूड आहे, डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने जमणार नाही.