श्रीरंगपट्टणचे बंदिवान आणि त्यांचे कथनकार

म्हैसूरपासून सुमारे 15 किलोमीटरवर, कावेरीच्या बेटावरील श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यात एक ठेंगणे कमानदार तळघर आहे. भिंतींतून पुढे आलेल्या दगडी फळ्यांना भोके असून त्यांस बंदिवान जखडले जात, असे दाखविणारे सांगतात. तळघरास नाव आहे ते कर्नल बेलीचे. 1780 साली पोल्लिलूरच्या रणांगणावर हैदरअलीच्या हाती सापडलेला हा सेनानी 1782 साली कैदेतच वारला; पुढे 1816 साली त्याच्या पुतण्याने त्याचे स्मारकही उभारले. साध्या शिपायांना आणि जहाजावरील पोरांना असा पाठीराखा कोठून असणार? त्यांच्यापैकी एखाददुसऱ्याचे आत्मकथन तेवढे उरले.

जेम्स स्करी हा त्यांतला एक. 1782 साली फ्रेंचांनी ‘हॅनिबल’ जहाज पकडून त्यावरील माणसे हैदरअलीच्या स्वाधीन केली, तेव्हा तो पोरसवदाच होता. श्रीरंगपट्टणास आणल्यावर त्याची आणि त्याच्या सोबत्यांची बळजबरीने सुंता करण्यात आली व त्यांस चेल्यांच्या पलटणीत कवाइतीस लावण्यात आले. सुमारे दहा वर्षांनी तो निसटला. आपल्या लोकांत परतला तेव्हा खुर्चीवर बसण्याची आणि सुरीकाट्याने जेवण्याची सवय सुटली होती, असे तो सांगतो. त्याच्या साऱ्या वृत्तांतात हा तपशील मला सर्वांत विश्वसनीय वाटतो. छळाची वर्णने त्या काळच्या इंग्रज वाचकास हवीच होती. सुरीकाट्याची ही हकीकत मात्र त्याच्याकडे कोणी मागितली नसावी.

अशा कथनांना बाजारपेठ होती, हे विसरून चालणार नाही. जेम्स ब्रिस्टो या दुसऱ्या बंदिवानाचे कथन 1793 साली, म्हणजे टिपूने अर्धे राज्य गमावल्यावर अवघ्या वर्षाने प्रसिद्ध झाले. स्करीचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1824 साली निघाले. टिपूस क्रूरकर्मा ठरविण्याच्या कामी असे साहित्य इंग्रजांना उपयोगी पडले, म्हणून पुढील काळातील कित्येकांनी ते सरसकट संशयित ठरविले. संशय रास्त आहे; पण साक्षीचा कोणी वापर केला एवढ्यावरून साक्ष खोटी ठरत नाही. एका पक्षाने बंदिवानाच्या वेदनेचे भांडवल केले, दुसऱ्याने ती वेदनाच नाकारली. दोन्हीकडे बंदिवान पुन्हा परस्वाधीनच राहिला.

मराठी अभ्यासकाने येथे परीक्षकाचा आव आणू नये. 1791 साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. त्या प्रसंगी टिपूने शंकराचार्यांस पाठविलेली कानडी पत्रे 1916 साली उजेडात आली, म्हणून ती हकीकत आपल्याला इतक्या तपशिलाने कळते. मठाला दप्तर होते. 1784 साली कानडा किनाऱ्यावरून श्रीरंगपट्टणास हाकलून नेलेल्या कोंकणी ख्रिस्ती कुटुंबांजवळ काय होते? त्यांची संख्या कोणी 30 हजार सांगतो, कोणी 80 हजार. एवढ्या फरकात माणसे गणली जातात तेव्हा त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नव्हती, हेच उघड होते. 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर उरलेले परतले, आणि पुढची बरीच वर्षे ही आठवण मुख्यतः घराघरांतून सांगितली गेली.

स्करीच्या कथनातच आणखी एक बंदिवान आहे. कैदेत त्याचे लग्न लावून देण्यात आले. ही वधू अर्काट प्रांतातून धरून आणलेली मुलगी होती. तिच्याविषयी तो जिव्हाळ्याने लिहितो. पळून जाताना मात्र तिला मागे ठेवावे लागले. त्याच्या सुटकेची कथा आपण वाचतो ती त्याच्या बाजूने. तो परतला नाही त्या रात्री त्या घरात काय झाले, नंतर तिला कोणी काय विचारले, हे सांगणारा कागद नाही. कादंबरीकारास येथे मोह होईल. तिला वाचा द्यावी, तिच्या तोंडी शाप किंवा क्षमा घालावी, असे वाटेल. मला स्वतःला ते धाडस होत नाही. स्करीने तिच्याविषयी जेवढे लिहिले तेवढेच, आणि ते त्याचे लिहिणे आहे अशी नोंद करून, मी पुढे देतो.