जीसीसी आणि जीडीबी : बदल व दोषनिवारण

जीसीसी हा जीएनयू प्रकल्पाचा कंपायलर-संच आणि जीडीबी हा त्याच प्रकल्पाचा डीबगर. सी, सी++, फोर्ट्रान, एडा अशा भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम जीसीसी यंत्राला कळेल अशा संकेतांत उतरवतो. तो प्रोग्रॅम चालता चालता मध्येच थांबवून कोणत्या चलात काय आहे आणि कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली, हे जीडीबी दाखवतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी १९८६ मध्ये आणि जीसीसी १९८७ मध्ये खुला केला. दोन्हींचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि दोन्हींत जवळजवळ रोज बदल होतात.

कंपायलरमधला दोष इतर सॉफ्टवेअरमधल्या दोषासारखा स्वतःच्या अंगावर दिसत नाही. तो दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये उमटतो आणि तिथला प्रोग्रॅमर बराच काळ स्वतःलाच दोष देत राहतो. बहुतेक वेळा त्याचा तो संशय खराही असतो. चलाला सुरुवातीची किंमत दिलेली नसते, किंवा पूर्णांकाची मर्यादा ओलांडलेली असते. जानेवारी २००७ मध्ये जीसीसीच्या दोषनोंदवहीत आलेली ३०४७५ क्रमांकाची तक्रार याचे गाजलेले उदाहरण आहे. एखाद्या संख्येत १०० मिळवल्यावर ती मूळ संख्येपेक्षा मोठी आहे ना, अशी तपासणी तक्रारदाराने लिहिली होती आणि जीसीसीने ती तपासणीच काढून टाकली होती. सी भाषेच्या प्रमाणात चिन्हांकित पूर्णांकाचा अतिरेक अव्याख्यात आहे, म्हणून तो कधी घडतच नाही असे कंपायलर धरून चालतो. तक्रार ‘अवैध’ ठरवून बंद झाली. नियमाने कंपायलर बरोबर होता. तक्रारदाराचा संताप मात्र आजही समजण्यासारखा वाटतो.

दोषांचे प्रकार ठरलेले आहेत. कंपायलर स्वतःच कोसळला तर ती ‘इंटर्नल कंपायलर एरर’. ती दिसायला भयंकर, पण त्यातल्या त्यात निरुपद्रवी, कारण निदान ती लपत नाही. वैध प्रोग्रॅम नाकारणे आणि अवैध प्रोग्रॅम मुकाट्याने स्वीकारणे हे आणखी दोन प्रकार. सर्वांत वाईट म्हणजे ‘राँग कोड’ : कंपायलर एकही इशारा देत नाही, प्रोग्रॅम चालतो आणि उत्तर चुकते.

दुरुस्तीची रीत : जीसीसीच्या बगझिला या नोंदवहीतील क्रमांक २०२५ मध्ये १,२०,००० च्या पुढे गेले. तक्रार करणाऱ्याने कंपायलरची नेमकी आवृत्ती, दिलेली आज्ञा आणि दोष दाखवणारा शक्य तितका छोटा प्रोग्रॅम द्यावा अशी अपेक्षा असते. हजारो ओळींतून दहा ओळींचा नमुना काढणे हेच निम्मे काम. त्यासाठी यूटा विद्यापीठातील जॉन रेगर यांच्या गटाने ‘सी-रिड्यूस’ हे साधन केले. याच गटाचे ‘सीस्मिथ’ यदृच्छेने वैध सी प्रोग्रॅम रचून ते वेगवेगळ्या कंपायलरांना खाऊ घालते आणि उत्तरे जुळतात का ते पाहते. २०११ च्या त्यांच्या शोधनिबंधात अशा रीतीने सापडलेल्या, तोवर अज्ञात असलेल्या ३२५ हून अधिक दोषांची नोंद आहे.

मागच्या आवृत्तीत चालत असलेली गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली तर तिला रिग्रेशन म्हणतात. ती कोणत्या बदलाने आली हे अर्ध्या-अर्ध्याने शोधतात. संशयित १,००० बदल असले तरी १० वेळा कंपायलर बांधून गुन्हेगार सापडतो. मग दुरुस्तीचा पॅच आणि सोबत चाचणी लिहिली जाते. चाचणीच्या फाइलीचे नाव पुष्कळदा तक्रारीच्या क्रमांकावरूनच ठेवतात आणि ती चाचणीसंचात कायमची राहते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी कोणी तरी कळवलेली चूक आजच्या प्रत्येक बदलावर पहारा करत असते. जीसीसी आणि जीडीबी या दोघांच्या चाचण्या डेजाग्नू या साधनावर चालतात. जीसीसीला आणखी एक कसोटी आहे. जुन्या कंपायलरने नवा बांधायचा, त्या नव्याने स्वतःलाच पुन्हा बांधायचे आणि तिसऱ्यांदाही तेच करायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या फाइली बाइट-बाइट जुळल्या पाहिजेत. साध्या लॅपटॉपवर या तीन फेऱ्यांना काही तास सहज लागतात.

वर्षाचेही वेळापत्रक असते. पहिल्या टप्प्यात नवी वैशिष्ट्ये घेतात. नोव्हेंबरच्या सुमारास ते दार बंद होते आणि केवळ दोषदुरुस्ती चालते. जानेवारीनंतर फक्त रिग्रेशनांकडे पाहतात. ‘पी-१’, म्हणजे सर्वोच्च प्राधान्याचा, एकही दोष उरला नाही की आवृत्ती बाहेर पडते, बहुधा एप्रिल-मेमध्ये. जीसीसीचा सोर्स कोड जानेवारी २०२० पासून गिट या प्रणालीत आहे. जीडीबी २०१३ पासून बिनयुटिल्स या जीएनयूच्याच साधनसंचासोबत एकाच गिट-भांडारात राहतो.

एक दोष, दोन दशके : सगळे दोष असे शिस्तीत मिटत नाहीत. जून २००० मध्ये नोंदवलेली ३२३ क्रमांकाची तक्रार अपूर्णांकांच्या गणिताविषयी होती. इंटेलच्या जुन्या एक्स-८७ गणनयंत्रणेत संख्या ८० बिटांत राहते आणि स्मृतीत ठेवताना ६४ बिटांत कापली जाते. त्यामुळे तीच राशी एकदा रजिस्टरमधून आणि एकदा स्मृतीतून घेतली तर समान आहे का या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते, आणि ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की उत्तरही बदलते. हीच तक्रार लोक नव्या-नव्या क्रमांकांनी वर्षानुवर्षे करत राहिले. सी भाषेसाठी प्रमाणबद्ध वर्तनाचा पर्याय जीसीसी ४.५ मध्ये (२०१०) आला. सी++ साठी तो यायला जीसीसी १३ (२०२३) उजाडले. मधल्या काळात ६४ बिटी यंत्रांनी एक्स-८७ बाजूलाच टाकल्याने बहुतेकांचा प्रश्न आपोआप सुटला होता.

जीसीसी १४ आणि १५ : अलीकडच्या बदलांपैकी विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त जाणवलेला बदल ७ मे २०२४ च्या जीसीसी १४.१ मध्ये आला. फंक्शन आधी जाहीर न करता वापरणे, परतीचा प्रकार न लिहिता ‘इंट’ गृहीत धरणे, विजोड पॉइंटर एकमेकांत भरणे, यांवर तोवर वॉर्निंग येत असे. आता एरर येते. यातील पहिल्या दोन सवलती सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणानेच काढून टाकल्या होत्या. कंपायलरने आणखी पाव शतक कळ काढली. बदलामागचे कारण ठोस आहे. जाहीर न केलेले फंक्शन ‘इंट’ परत करते असे धरले आणि प्रत्यक्षात ते ६४ बिटांचा पत्ता परत करत असेल, तर पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो आणि प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन मरतो. तो मरतो ती जागा चुकीच्या जागेपासून फार दूर असते.

याचा परिणाम सांगलीच्या विश्रामबागेसारख्या ठिकाणी थेट पोचतो. सांगली–मिरज रस्त्यावरच्या या भागात विलिंग्डन महाविद्यालय (१९१९) आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय शेजारपाजारीच आहेत. यातले दुसरे १९४७ मध्ये धोंडुमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू केले आणि १९५५ पासून त्याला वालचंद हे नाव आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत सी भाषा दीर्घकाळ टर्बो सी या डॉसवरच्या, १६ बिटी कंपायलरवर शिकवली गेली. तिथे ‘इंट’ची कमाल ३२,७६७ होती आणि पडदा पुसण्याचे फंक्शन बहुतेक प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच असे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या देशभर वाचल्या गेलेल्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत प्रोग्रॅम नुसत्या ‘मेन’ने सुरू होतात, आधी परतीचा प्रकार लिहिलेला नसतो. थोरल्या भावाचे ते पुस्तक घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याकडे उबुंटू २४.०४ असेल तर त्यात जीसीसी १३ आहे : वॉर्निंग येईल, प्रोग्रॅम चालेल. शेजारच्याकडे डेबियन १३ असेल तर जीसीसी १४, फेडोरा ४२ असेल तर जीसीसी १५ : तोच प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही. दोघांनीही काही चुकीचे टाइप केलेले नाही. जुने प्रमाण मागणारी खूण किंवा सैल वागण्याची खूण आज्ञेत दिली की प्रोग्रॅम पुन्हा चालतो; पण पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्याने ती पळवाट दाखवण्यापेक्षा ‘इंट’ लिहायला लावलेले बरे.

२५ एप्रिल २०२५ च्या जीसीसी १५.१ ने आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रमाण सांगितले नाही तर आता सी-२३ धरले जाते. त्यात ‘बूल’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ हे भाषेचेच शब्द झाले, त्यामुळे ते स्वतः बनवून घेणारे जुने प्रोग्रॅम अडतात. रिकाम्या कंसाचे फंक्शन पूर्वी ‘काहीही द्या’ असे सांगत असे, आता ‘काहीही देऊ नका’ असे सांगते. याच आवृत्तीत कोबोल भाषेचा समावेश झाला.

देवनागरी : जीसीसी १० (२०२०) पासून चलांची नावे थेट यूटीएफ-८ मध्ये लिहिता येतात, म्हणजे ‘बेरीज’ किंवा ‘व्याजदर’ हे नाव देवनागरीत चालते. पूर्वी प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक टाइप करावा लागे, आणि तसे कोण करणार? जोडीने दुसरी दुरुस्ती आवश्यक होती. एररची जागा दाखवणारा स्तंभक्रमांक बाइटांनी मोजला जात असे आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. मराठी मजकुरानंतरच्या चुकीचा स्तंभ त्यामुळे भलत्याच जागी निघे. जीसीसी ११ पासून हा क्रमांक पडद्यावरच्या रुंदीने मोजतात. एक सापळा मात्र मराठीपुरता खास आहे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कंपायलरच्या लेखी ती दोन निराळी नावे ठरतात, आणि याबद्दलचा इशारा वाचल्याशिवाय टाकून दिला तर पुढचा तास वाया जातो. जीडीबीतही असाच अनुभव येतो. संगणकाची भाषा-मांडणी नीट नसेल तर ‘म’ छापायला सांगितल्यावर अष्टमान पद्धतीतील ३४०, २४४, २५६ असे तीन आकडे समोर येतात. ते बिघडलेले नसतात, त्या अक्षराचे तीन बाइटच असतात.

डीबगरची बाजू : कंपायलर प्रोग्रॅम वेगवान करताना चले काढून टाकतो, ओळींचा क्रम बदलतो. मग जीडीबीला विचारले की ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ एवढेच उत्तर मिळते. म्हणजे डीबगरविषयीच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ कंपायलरमध्ये असते. कोणते चल कोठे गेले ही माहिती कंपायलर ड्वार्फ नावाच्या स्वरूपात लिहून ठेवतो. जीसीसी ११ पासून त्याची पाचवी आवृत्ती वापरात आहे. जीसीसी ४.५ मध्ये चलांचा माग ठेवण्याची सुधारित पद्धत आली आणि ४.८ मध्ये (२०१३) डीबगिंगला मानवेल इतकेच ऑप्टिमायझेशन करणारी पातळी. जीडीबी ७.० (२००९) मध्ये प्रोग्रॅम उलटा चालवण्याची सोय आणि पायथनची जोड मिळाली. डिसेंबर २०२३ च्या जीडीबी १४ पासून आधुनिक संपादकांशी बोलण्याचा सामाईक करार, म्हणजे डीबग अॅडॉप्टर प्रोटोकॉल, थेट त्यात आहे.

महाराष्ट्राचा वाटा : जीसीसीच्या ‘जीसीएसई’ या फाइलीच्या डोक्यावर ज्या शोधनिबंधांची यादी टिपणात दिली आहे, त्यांत मुंबईच्या आयआयटीतील धनंजय ढमढेरे यांचे १९८८ आणि १९९१ चे निबंध आहेत. विषय अंशतः पुनरुक्त गणनेचा : एका वाटेने येताना केलेली आकडेमोड, वाटा मिळाल्यावर पुन्हा करायची वेळ येते. मोरेल व राँव्हॉज यांनी १९७९ मध्ये यावर रीत दिली होती. ढमढेरे यांनी नवी गणना दोन ठोकळ्यांना जोडणाऱ्या कडेवर बसवून ती सुटसुटीत केली. सांगलीच्या पोराने लूपमध्ये दोनदा लिहिलेला गुणाकार एकदाच होतो, त्यामागे या विचारांचाही वाटा आहे. जगभरच्या यंत्रांवरच्या कोडमध्ये मराठी आडनाव टिपणात कोरलेले असावे, याची आपल्याकडे जेवढी वाच्यता व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

ढमढेरे यांचे विद्यार्थी आणि सहलेखक उदय खेडकर यांनी त्याच आयआयटीत जीसीसी रिसोर्स सेंटर उभे केले. जीसीसीच्या लाखो ओळींत कोठून शिरावे हे शिकवणाऱ्या तिथल्या कार्यशाळांना देशभरचे शिक्षक आणि विद्यार्थी येत. अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह खेडकरांनी लिहिलेला डेटा फ्लो अॅनॅलिसिसवरचा ग्रंथ २००९ चा. मुंबई आयआयटीच्याच स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात सी आणि सी++ चे जीसीसीवरचे धडे मराठी निवेदनासह मिळतात. उद्योगक्षेत्रात पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने हिताची आणि पुढे रेनेसास कंपनीच्या एच-८ व एसएच प्रोसेसरांसाठी जीएनयू साधनांचे तयार संच मोफत दिले आणि त्यातील दुरुस्त्या मूळ प्रकल्पालाही पाठवल्या.

विश्रामबागेत वालचंद लिनक्स युझर्स ग्रुप हा विद्यार्थ्यांचा गट लिनक्स व मुक्त सॉफ्टवेअरची ओळख करून देणारे कार्यक्रम घेतो. अशा गटातल्या कोणाला मूळ प्रकल्पात पॅच द्यायचा असेल तर पूर्वी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे स्वामित्वहक्काचा करार करावा लागे. जून २०२१ पासून जीसीसीने ती अट सैल केली असून, बदल आपलाच आहे आणि तो देण्याचा आपल्याला अधिकार आहे असे प्रमाणित करणारी स्वाक्षरीची एक ओळ पॅचसोबत पुरते.