भिवंडीची चिंधी आणि घरातील टिकाऊ वस्तू

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा अखंड खडखडाट आणि मुंबई-नाशिक महामार्गालगत पसरलेली गोदामे डोळ्यांसमोर उभी राहतात. या दोन्ही उद्योगांतून रोज काही ना काही उरते. मागावरून आणि शिलाईच्या टेबलावरून उरते ती चिंधी, तर गोदामांतून उरतात माल ठेवण्याची लाकडी पॅलेट आणि खोकी. शहरी घरांत अलीकडे ज्यांना पर्यावरणस्नेही म्हणून मान मिळतो, त्या गोधड्या, सतरंज्या, पायपुसणी, बाके आणि मांडण्या याच दोन उरलेल्या मालांतून घडू शकतात. मात्र टाकाऊ मालातून केलेली प्रत्येक वस्तू टिकाऊ असतेच असे नाही. ती टिकेल की चार महिन्यांत पुन्हा कचऱ्यात जाईल, हे माल निवडतानाच ठरते.

पुनर्वापरावर उभे राहिलेले शहर

भिवंडीला पुनर्वापर नवा नाही. या शहराचा यंत्रमाग उद्योग बऱ्याच अंशी पुनर्वापरातूनच वाढला. मुंबईच्या कापड गिरण्यांनी जुने म्हणून मोडीत काढलेले माग येथील विणकरांनी विकत घेतले, दुरुस्त केले आणि छोट्या छोट्या गाळ्यांत पुन्हा चालू केले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्यांची धडधड पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही, आणि कापडाचे उत्पादन अधिकाधिक प्रमाणात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमाग केंद्रांकडे सरकले. ज्या यंत्राचे आयुष्य गिरणीच्या हिशेबी संपले होते, त्याच यंत्रावर पुढे कित्येक वर्षे कापड विणले गेले.

या जुन्या मागांचा आणखी एक गुण आज विसरला गेला आहे. धोट्याच्या मागावर आडवा धागा, म्हणजे बाणा, कडेला वळून परत येतो. त्यामुळे कापडाचा काठ विणता विणताच पक्का होतो. बिनधोट्याच्या रेपियर मागावर हा धागा प्रत्येक फेरीला तोडला जातो. त्यामुळे कडेला झालरीसारखी पट्टी उरते आणि ती सहसा कापून वेगळी काढावी लागते. नवा माग वेगवान असतो, त्याचे कापडही अधिक निर्दोष असते. पण काठाची चिंधी त्यावर जास्त निघते. यंत्र आधुनिक झाले म्हणून कचरा कमी होतोच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

चिंधीचे अनेक मार्ग

चिंधी हा शब्द बोलण्यात तुच्छतेने वापरला जातो. तिच्या व्यापारात मात्र प्रत्येक तुकड्याला प्रतवारी असते. मऊ आणि पाणी शोषणारे सुती तुकडे यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत आणि गॅरेजमध्ये जातात. लांब पट्ट्या सतरंजी आणि पायपुसणी विणण्यास उपयोगी पडतात. बारीक तुकडे गादी, उशी, लोड यांत भरले जातात. शुद्ध सुती कात्रणापासून उत्तम कागदही होतो. १९४० मध्ये स्थापन झालेली पुण्याची हातकागद संस्था अशा कात्रणांपासून कागद बनवण्यासाठी ओळखली जाते. हरियाणातील पानिपत येथे तर परदेशांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे धागे मोकळे करून त्यांची नवी ब्लँकेटे विणण्याचा मोठा उद्योग उभा आहे.

ज्या चिंधीची निवड होत नाही, तिच्या वाट्याला शेवटी कचराभूमी किंवा आग येते. सुती तुकडा मातीत कुजतो; पॉलिस्टर वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि जाळला तर त्याचा विषारी धूर वस्तीत पसरतो. भिवंडीतील माग आज सुताबरोबरच पॉलिस्टर आणि मिश्र धाग्यांचे कापडही विणतात. त्यामुळे कोणता तुकडा कोणत्या ढिगात टाकायचा हा येथे केवळ भावाचा प्रश्न उरत नाही. तो आसपास राहणाऱ्यांच्या श्वासाचाही प्रश्न आहे. गुंतलेल्या ढिगातून तुकडे वेगळे करणारे हात बहुधा अल्प मजुरीवर राबणाऱ्या स्त्रियांचे असतात. घरातील पर्यावरणस्नेही वस्तूच्या किमतीत त्या हातांचा वाटा किती, हेही ग्राहकाने विचारायला हवे.

गोधडी : महाराष्ट्राची जुनी विद्या

चिंधीचा सर्वांत बुद्धिमान उपयोग महाराष्ट्रातील घराघरांनी फार पूर्वीच शोधून काढला होता. काही भागांत गोधडी, तर काही भागांत वाकळ म्हणून ओळखले जाणारे हे पांघरूण जुनी लुगडी, धोतरे आणि उरलेले तुकडे यांच्या थरांतून तयार होते. खाली आणि वर धुऊन धुऊन मऊ झालेले मोठे कापड, मध्ये तुकड्यांचा थर आणि काठापासून आत आत जाणारा धावदोरा, अशी तिची रचना असते. जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे आतील तुकडे सरकत नाहीत आणि वजन सर्वत्र सारखे राहते. वरचे कापड विरले की त्यावर नवे चढवता येते. दुरुस्ती हा तिच्या रचनेचाच भाग असल्यामुळे गोधडी पिढ्यान्‌पिढ्या चालते. चिंध्यांची वस्त्रे पांघरून गावोगाव झाडू घेऊन फिरणाऱ्या गाडगे महाराजांना लोक गोधडेबाबा आणि चिंधेबुवा या नावांनीही ओळखत. टाकलेल्या कापडाला प्रतिष्ठा देणारे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध आणि राजस्थानातील रल्ली आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही गोधडीचीच भावंडे होत. जुन्या गादीतील कापूस पिंजून ती पुन्हा फुगवून देणारा पिंजारी हाही याच परंपरेतला कारागीर. फोमच्या गाद्या आल्यावर त्याची हाक शहरांतून जवळजवळ नाहीशी झाली.

कापडाची पारख

चिंधीपासून घरगुती वस्तू करायची असेल, तर आधी धागा ओळखावा. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. कापडाचे दोन-चार धागे चिमट्यात धरून, जवळ पाणी ठेवून, मोरीत किंवा धातूच्या थाळीवर पेटवावेत. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि त्याची मऊ, राखाडी राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि मागे काळा, टणक मणी उरतो. दोन्ही खुणा दिसल्या तर कापड मिश्र समजावे. व्हिस्कोसही सुतासारखेच जळते, म्हणून या परीक्षेने फक्त वितळणारा कृत्रिम धागा ओळखता येतो.

पांघरूण, उशीचा अभ्रा, लहान मुलांचे दुपटे यांसाठी सुती कापडच घ्यावे; ते घाम शोषते आणि हवा खेळती ठेवते. पॉलिस्टरचे तुकडे पायपुसणे, पिशवी किंवा बाकावरील गादीचे भरण यांसाठी चालतात; स्वयंपाकघरात गरम भांडे धरण्यासाठी ते कधीही वापरू नयेत. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या ताण्याला सायझिंगची खळ लागलेली असते. ती न काढता कापड शिवले, तर त्याला कसर लागते आणि पहिल्याच धुण्यात कापड आटून शिवण चुरगळते. म्हणून कोरे तुकडे गरम पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात वाळवल्यावरच कापावेत. रंगीत तुकडे वेगळे धुवावेत.

गोदामातील लाकूड

१ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि मुंबईच्या बाजारपेठेसाठी माल साठवण्याचे केंद्र म्हणून भिवंडीचे महत्त्व आणखी वाढले. गोदामांत माल ज्या लाकडी चौकटीवर रचला जातो, ती पॅलेट तुटली किंवा जादा झाली की भंगारात येते. तिचे लाकूड बहुधा हलक्या पाइनचे असते. त्यापासून दिवाण, बाक, बाल्कनीतील कुंड्यांची मांडणी आणि चपलांचा कप्पा सहज होतो. त्यातच भुशाच्या पार्टिकल बोर्डचे नवे फर्निचर पाण्याने फुगते आणि त्यातील काही प्रकारच्या डिंकांमधून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. या वायूला २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य ठरवले. जुन्या भरीव फळीचे महत्त्व यामुळे वाढते.

तरीही प्रत्येक पॅलेट घरात आणण्याजोगी नसते. आंतरराष्ट्रीय वाहतुकीतील पॅलेटवर कीडमुक्तीचा शिक्का असतो. त्यात गव्हाच्या लोंबीचे चित्र, देशाचे संक्षिप्त नाव आणि प्रक्रियेची रोमन अक्षरे दिसतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने केलेली प्रक्रिया. यात लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवला जातो. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी आणि ओझोनच्या थरालाही घातक असलेल्या वायूची धुरी. घरासाठी पहिला शिक्का निवडावा, दुसरा टाळावा. देशांतर्गत वाहतुकीच्या पॅलेटवर शिक्का नसू शकतो. तेव्हा तिच्यावर कोणता माल वाहिला जात होता ते विचारावे. तेलाचे डाग, रसायनाचा वास, बुरशी किंवा बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसला तर ती सोडून द्यावी.

निवडलेल्या फळ्यांतील खिळे काढून त्या काही दिवस हवेशीर जागी वाळवाव्यात. घासताना तोंडाला मास्क लावावा. शेवटी पाण्यात मिसळणारे पॉलिश किंवा जवसाच्या तेलाचा हात द्यावा. तेलाचे बोळे मात्र चुरगळून ठेवू नयेत. ते आपोआप पेट घेऊ शकतात. उघडे पसरून, पूर्ण वाळवून मगच टाकावेत. पाळणा, ताट किंवा विळीची पाटी यांसाठी हे लाकूड वापरू नये.

विकत घेताना

दुकानातील ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द अनेकदा आधाराविना चिकटवलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी अशा फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. दावा करणाऱ्याने त्याचा पुरावा देणे त्यांनुसार अपेक्षित आहे. म्हणून ग्राहकाने तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू मुळात कशापासून केली? मोडली किंवा विरली तर ती दुरुस्त करता येते का? आणि शेवटी तिचे काय होणार?

त्यांच्या जोडीला चौथा प्रश्न स्वतःला विचारावा : ही वस्तू घरातील कोणत्या नव्या खरेदीची जागा घेणार आहे? जगाच्या सरासरीने एक किलो सुती कापडामागे सुमारे १० हजार लिटर पाणी लागते, असा जलवापराच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. जुन्या साड्यांची गोधडी नव्या रजईऐवजी पांघरली, तर ते पाणी खरोखरच वाचते. नवी रजई घेतल्यावर शोभेसाठी म्हणून गोधडीही घेतली, तर घरात फक्त एक वस्तू वाढते. टाकाऊतून टिकाऊ ही म्हण खरी करायची असेल, तर ‘टिकाऊ’ या शब्दाकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. आपल्या आज्यांनी गोधडी शिवताना ते दिले होते, आणि मोडीत निघालेला माग पुन्हा चालू करणाऱ्या भिवंडीच्या कारागिरांनीही.