कात्रजचे दूध, १९६० साल आणि दावणीचे जनावर

पुण्यात 'कात्रज' हा शब्द सकाळीच दोन ठिकाणी भेटतो : दुधाच्या पिशवीवर आणि पीएमपीच्या पाटीवर. इतिहासाच्या वाचकाला तो तिसऱ्याही ठिकाणी भेटतो. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधला गेला आणि त्याचे पाणी जमिनीखालून शहरातील हौदांपर्यंत खेळवले गेले. त्या पाण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. पाण्यानंतर दोन शतकांनी कात्रजच्याच नावाने शहरात दूध येऊ लागले, त्याविषयी कमी. आणि ते दूध देणाऱ्या जनावराविषयी तर जवळजवळ काहीच नाही. आजचा धागा त्या जनावराविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

कात्रज डेअरी चालवणारा पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६० साली स्थापन झाला. त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरला देशात आणखी एक गोष्ट जन्माला आली : प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६०. त्यामागे राज्यसभेच्या सदस्य आणि भरतनाट्यमच्या थोर नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा कित्येक वर्षांचा आग्रह होता. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एकीने गोठ्यातल्या जनावराकडे दुधाच्या बाजूने पाहिले, दुसरीने वेदनेच्या बाजूने, आणि पुढची साठ-पासष्ट वर्षे या दोन नजरा क्वचितच एकत्र आल्या.

या अधिनियमाचे बारावे कलम उघडले, तर एक चमत्कारिक शब्द दिसतो : 'फुका'. कायद्याच्या रुक्ष भाषेत हा गवळीवाड्यातला शब्द कुठून आला?

त्यासाठी पान्ह्यापासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडची गाय किंवा म्हैस वासरू, पारडू जवळ असल्याखेरीज सहसा पान्हा सोडत नाही. खेड्यात हा प्रश्न नसतो. वासराला आधी लुचू द्यायचे, मग धार काढायची. पण एकोणिसाव्या शतकात कलकत्ता आणि मुंबईसारखी शहरे वाढली आणि दुधाच्या मागणीपायी गोठे थेट शहराच्या पोटात आले. तिथे जागा महाग, वैरण महाग. वासराने प्यायलेले दूध म्हणजे गवळ्याचा रोजचा तोटा. पारडी उपाशी मरू लागली. मग म्हशीला फसवायला मेलेल्या पारड्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यासमोर उभा केला जाई. तेही पुरले नाही, की फुका : जनावराच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकायची. त्या उत्तेजनाने शरीरात पान्ह्याचे संप्रेरक स्रवते आणि दूध उतरते. जनावराला होणारी वेदना आणि इजा हिशेबात नव्हती, कारण ते भाकड झाले की पुढच्या वेतापर्यंत शहरात पोसणे परवडत नसे. त्याची रवानगी कत्तलखान्यात होई आणि खुंट्याला नवी म्हैस येई. चांगल्या दुधाची, ऐन उमेदीतली जनावरे एकाच वेतात संपत होती.

१८९० च्या प्राणिक्लेशविषयक कायद्यातच फुक्यावर स्वतंत्र कलम होते, म्हणजे हा प्रकार किती बोकाळला असेल याची कल्पना येते. गांधीजींना दुधाचा तिटकारा आला, त्याचे एक कारण त्यांनी हेच दिले आहे : गायी-म्हशींवर होणारा फुका. पुढे १९१८-१९ च्या आजारपणात शरीर खंगले, डॉक्टर दलालांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली की व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीला हरकत काय? गांधीजींची प्रसिद्ध शेळी या वाटेने इतिहासात आली. आपण तिला साधेपणाचे प्रतीक समजतो. तिच्या मागे शहरी तबेल्यातली म्हैस उभी आहे, हे विसरतो.

मुंबईने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे गोरेगावची आरे वसाहत. १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरातले तबेले तिकडे हलवण्यास सुरुवात झाली. तीन हजारांहून अधिक एकरांत सुमारे सोळा हजार जनावरांची सोय झाली. मूळ हेतू शहराचे आरोग्य आणि भेसळमुक्त दूध हा होता. म्हशीला मोकळी हवा मिळाली, ती त्या हेतूच्या आडोशाने. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

सहकारी संघांनी आणखी एक पाऊल टाकले. जनावर शहरात आणायचेच नाही; ते शेतकऱ्याच्या दारात राहील, प्रवास फक्त दूध करील. गावातली दूध संस्था, मग शीतकरण केंद्र, मग कात्रजचा प्रकल्प, मग पिशवी. माझ्या मते पश्चिम महाराष्ट्रातल्या दुभत्या जनावरांचे सर्वांत मोठे भले या व्यवस्थेने केले, आणि तेही तिच्या उद्दिष्टांत न लिहिलेले. दारातल्या म्हशीचे पारडू जगू शकले. भाकड काळात ती बांधावर चरू शकली. दोन जनावरे असलेल्या घरात प्रत्येकीला नाव असते, आणि नाव असलेल्या जनावराला एका वेतानंतर फेकून देणे तितके सोपे नसते.

पण याच व्यवस्थेने ग्राहकाच्या डोळ्यांसमोरून जनावर नाहीसे केले. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देत आले आहेत. तिथे धारोष्ण दूध पिणाऱ्याला म्हशीच्या बरगड्या दिसतात, अंगावरचे वळ असतील तर तेही दिसतात. पिशवीवर मात्र फक्त स्निग्धांशाचा आकडा असतो. शेतकऱ्याच्या दूध पुस्तिकेतही तेच : लिटर, फॅट, एसएनएफ, दर. जनावराची स्थिती या रकान्यांत तेव्हाच शिरते, जेव्हा ती दुधात उतरते. कासदाह झाला, ज्याला गोठ्यात 'दगडी' म्हणतात, तर दूध नासते आणि डॉक्टर येतो. आखूड दाव्याने दिवसभर एकाच जागी उभे राहून गुडघे सुजले, खूर वाढले, तर फॅट लगेच कमी होत नाही.

आता पुण्याच्या पूर्वेला, उरुळी कांचनला जाऊ. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी तिथे राहिले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि मणिभाई देसाई हा तरुण त्यांच्या सांगण्यावरून तिथेच थांबला तो कायमचा. याच मणिभाईंनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभारली. होल्स्टीन आणि जर्सी वळूंचे गोठवलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेऊन संकरित गायींचा प्रसार करणे हे तिचे गाजलेले काम. त्या कामाने हजारो कोरडवाहू घरांत रोजचा पैसा आला. १९८२ चा मॅगसेसे पुरस्कार मणिभाईंना उगीच मिळाला नाही.

त्या यशाची दुसरी बाजू गायीच्या शरीरावर लिहिलेली आहे. थंड प्रदेशातली ही रक्ते एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकतात. दूध वाढले तशी कास जड झाली, कासेचे आजार वाढले. आणि सर्वांत अवघड प्रश्न गोऱ्ह्याचा. खिल्लार गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल, घरची शान. संकरित गोऱ्ह्याला जू पेलेल असे वशिंड नसते, ऊन सोसत नाही, आणि आता शेतात ट्रॅक्टर आहे. त्याला पोसायचे कशासाठी? २०१५ च्या दुरुस्तीने राज्यात गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली, त्यानंतर त्याला विकण्याची वाटही खुंटली. कायद्याने त्याचा जीव वाचवला, पण त्याच्या दुधाची आणि वैरणीची तरतूद कोणी करायची हे सांगितले नाही. जन्मल्यावर पुरेसा चीक न मिळालेला, रस्त्यावर सोडून दिलेला गोऱ्हा हा शहरी तबेल्यातल्या पारड्याचाच वारस आहे. फुका गेला, त्यामागचे गणित गेले नाही.

फुक्याची जागा इंजेक्शननेही घेतली. पान्ह्याचे तेच संप्रेरक, ऑक्सिटोसिन, बाटलीत मिळू लागले. गैरवापर रोखण्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये त्याचे खाजगी उत्पादन थांबवण्याचा आदेश काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द केला, कारण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागते.

कोंबडीची कथा याहून छोटी आणि वेगवान आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली उभारलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजमुळे पुणे हे देशाच्या कुक्कुट व्यवसायाचे एक केंद्र बनले. रानकोंबडी वर्षाला मोजकी अंडी घालते. आजची व्यावसायिक लेअर तीनशेहून अधिक. अंड्याच्या कवचाचे चुन्याचे द्रव्य काही अंशी तिच्याच हाडांतून निघते, आणि ती हाडे ज्या पिंजऱ्यात राहतात त्यात तिच्या वाट्याची जागा छापील कागदाच्या ए-फोर पानाहून कमी असते. पंख पसरणे, मातीत लोळणे, आडोशाला अंडे घालणे यांपैकी काहीच तिथे होत नाही. या कोंबड्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आल्या त्या २००६ साली, जेव्हा नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो पक्षी मारून पुरले गेले. माणसाला धोका झाला, तेव्हा कोंबडी दिसली.

कात्रजला याच संदर्भात एक विसंगती सहज पाहता येते. पुणे-सातारा रस्त्यावर राजीव गांधी प्राणी संग्रहालय आहे. पेशवे उद्यानातले प्राणी इथे हलवले गेले, कारण प्राण्यांना मोठे, नैसर्गिक वाटणारे आवार हवे हा विचार एव्हाना कायद्यात आला होता. बिबट्याचे आवार किती मोठे असावे, यावर केंद्रीय प्राधिकरणाचे नियम आहेत आणि त्यांची तपासणीही होते. ज्या जनावरांच्या नावावर याच परिसरातली डेअरी चालते, त्यांच्या गोठ्याकडे असा कोणी तपासनीस जात नाही.

सुधारणा होतच नाही असे नाही. गेल्या काही वर्षांत पुणे, सातारा, अहिल्यानगर भागात 'मुक्त संचार गोठा' झपाट्याने पसरला आहे. गायीला दाव्याला न बांधता कुंपणात मोकळे सोडायचे. ती हवे तेव्हा पाणी पिते, सावलीत बसते, अंग घासायला ब्रशकडे जाते. शेतकऱ्यांशी बोलले तर पहिले कारण बहुधा मजुरीचे निघते : शेण काढायला माणूस मिळत नाही. आरेची गोष्ट पुन्हा एकदा. गायीला मात्र कारणाशी कर्तव्य नाही, ती मोकळी आहे.

न्यायालयाची भाषा बदलली आहे. ७ मे २०१४ च्या ए. नागराजा निकालात, म्हणजे जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने भूक-तहान, अस्वास्थ्य, वेदना, भीती यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक ही पाच स्वातंत्र्ये १९६० च्या अधिनियमात वाचली. या कल्पनेचे मूळ ब्रिटनमधील १९६५ च्या ब्रॅम्बेल समितीत आहे, आणि ती समिती नेमली गेली रूथ हॅरिसन यांच्या 'अ‍ॅनिमल मशीन्स' या पुस्तकाने उठवलेल्या वादळामुळे. त्या पुस्तकाचा विषय शर्यतीचा बैल नव्हता. व्यावसायिक फार्मवरची कोंबडी आणि वासरू होते. आपल्याकडे मात्र तो निकाल बैलगाड्यांपुरताच लक्षात राहिला.

आणि अधिनियमाचे पुस्तक? फुक्यासाठी त्यात हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद आहे. हालचालही करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे किंवा फाजील आखूड साखळीने फार काळ बांधून ठेवणे, यासाठी अकरावे कलम आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात १९६० साली लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये.