कोॲक्सिअल केबलचा घरगुती सांधा

रेडिओच्या इतिहासांत प्रक्षेपकाचें नांव होतें, एरियलचें चित्र छापलें जातें. परंतु या दोहोंस जोडणारी तार आणि त्या तारेच्या टोंकाचा सांधा यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक प्रक्षेपकांत निर्माण झालेली शक्ति एरियलपर्यंत जावयाची ती याच वाटेनें. वाटेंतील सांधा बिघडला, कीं हजारों मैल जाऊं शकणारा संदेश घराच्या छपराखालींच विरून जातो. असा सांधा कारखान्यांत तयार होऊं लागल्यास पुष्कळ वर्षें लोटलीं. तरीहि अमेरिकेंतील हौशी रेडिओवाल्यांनीं तो घरच्या घरीं, नळकामाच्या पितळी सामानांतून बनविला. या खटपटीचें मूळ काटकसरींत असलें, तरी ती सिद्धीस गेली ती मूळ सिद्धांत ठाऊक असल्यामुळें.

कोॲक्सिअल केबल दिसावयास साधी असते. मध्यें तांब्याची एक तार, तिच्याभोंवतीं विद्युत्-रोधक पदार्थ, त्याभोंवतीं धातूची नळी किंवा विणलेली जाळी, आणि सर्वांवर एक आवरण. मधली तार व बाहेरची नळी यांचा अक्ष एकच, म्हणून तिला समाक्ष तार म्हणावें. लहरी या दोन धातूंमधील जागेंतून प्रवास करितात. बाहेरची नळी त्यांना आंत कोंडून ठेविते आणि बाहेरचा उपद्रव आंत येऊं देत नाहीं. केबलवरून येणारी दूरचित्रवाणी ज्या घरांत आहे, तेथें संचामागची जाड तार याच जातीची असते.

या रचनेचें पेटंट इंग्लंडांत १८८० सालीं ऑलिव्हर हेविसाइड यानें घेतलें. लांकडावर चित्रें कोरणाऱ्या एका कारागिराचा हा मुलगा. सोळाव्या वर्षीं त्याची शाळा सुटली आणि विद्यापीठाची पायरी तो कधींच चढला नाहीं. कांहीं काळ तारखात्याच्या कंपनींत नोकरी करून वयाच्या चोविसाव्या वर्षीं त्यानें ती सोडली, आणि घरीं बसून मॅक्सवेलच्या ग्रंथाचा अभ्यास केला. ‘इम्पीडन्स’ हा शब्दहि १८८६ सालीं त्यानेंच रूढ केला. पुढील सारी हकीकत या एका शब्दाभोंवतीं फिरते.

प्रत्येक केबलचा इम्पीडन्स ठरलेला असतो व तो ओहममध्यें मोजतात. समाक्ष तारेंत तो बाहेरच्या नळीचा आंतला व्यास आणि मधल्या तारेचा व्यास यांच्या प्रमाणावर, तसेंच मधल्या पदार्थावर अवलंबून असतो. मध्यें हवा असून नळीचा व्यास तारेच्या २.३ पट असेल, तर ५० ओहम, ३.५ पट असेल, तर ७५ ओहम. मग नळी बोटाएवढी असो वा मनगटाएवढी. जेथें हें प्रमाण एकाएकीं बदलतें, तेथें लहरीचा कांहीं भाग आल्या वाटेनें परत फिरतो. अरुंद पाटांतलें पाणी एकदम अडलें, कीं मागें लाट उठते, तसाच हा प्रकार. म्हणून लहरीला ज्याची जाणीवच होत नाहीं, तो सांधा उत्तम.

हेविसाइडच्या पेटंटाचें मोल पटावयास जवळजवळ अर्धें शतक जावें लागलें. १९२९ सालीं अमेरिकेंत लॉइड एस्पेनशीड व हर्मन ॲफेल यांनीं एकाच समाक्ष तारेवरून शेंकडों टेलिफोन-संभाषणें नेण्याच्या योजनेचा पेटंट-अर्ज केला, आणि १९३६ मध्यें न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया अशी प्रायोगिक केबल सुरू झाली. तिकडे इंग्लंडांत १९३३ सालीं गिब्सन व फॉसेट या रसायनशास्त्रज्ञांना पॉलिथीन सांपडलें. तारेभोंवतीं घालावयास असें लवचीक, चिवट द्रव्य पूर्वीं नव्हतें. मग दुसरें महायुद्ध आलें. रडार व लष्करी रेडिओ यांकरितां मैलच्या मैल केबल लागूं लागली आणि तिच्या टोंकाच्या कनेक्टरांचीं मापें ठरून गेलीं. त्यांपैकीं ‘यू. एच्. एफ्.’ नांवाचा कनेक्टर स्वस्त व दणकट. पण त्याचा इम्पीडन्स सर्वत्र सारखा राहत नाहीं. बेल प्रयोगशाळेंतील पॉल नील याचा ‘एन्’ कनेक्टर या बाबतींत सरस ठरला.

युद्धकाळीं, डिसेंबर १९४१ पासून, अमेरिकेंतील हौशी प्रक्षेपण बंद होतें. नोव्हेंबर १९४५ मध्यें तें पुन्हां सुरू होऊं लागलें, आणि लष्करानें विकून टाकलेली केबल व कनेक्टर या लोकांच्या हातीं अल्प किंमतींत पडले. याच सुमारास दुसरी एक घटना घडली. १९४८ सालीं ऑरेगॉन राज्यांतील ॲस्टोरिया गांवीं एड पार्सन्स यानें हॉटेलच्या गच्चीवर एरियल उभारून सुमारें १२५ मैल दूरच्या सिॲटल शहराची दूरचित्रवाणी पकडली आणि कोॲक्सिअल केबलनें ती शेजारच्या घरांना दिली. अशा प्रयत्नांतून केबल-व्यवसाय उदयास आला. त्याच्या मुख्य वाहिन्यांसाठीं ‘हार्डलाइन’ वापरात आली. हिचें बाहेरचें कवच म्हणजे ॲल्युमिनियमची अखंड नळी. शक्तीचा ऱ्हास फार थोडा.

रिळाच्या शेवटीं उरलेले तुकडे कंपनीस निरुपयोगी. हौशी मनुष्याच्या अंगणास मात्र ते पुरून उरत. अडचण एवढीच, कीं या नळीचे खास कनेक्टर महाग, आणि ते त्याच्या यंत्रास बसतहि नसत. ॲल्युमिनियमवर साधा डाख धरत नाहीं, म्हणून सांधा दाबाचाच पाहिजे. पाण्याच्या वा गॅसच्या तांब्याच्या नळ्या जोडावयाचा जो पितळी सांधा बाजारांत मिळतो, त्यांत एक कडें असतें. चाकी आवळली, कीं तें नळीवर सर्व बाजूंनीं घट्ट बसतें. हौशी लोकांनीं तोच सांधा केबलवर चढविला, आणि त्याच्या दुसऱ्या तोंडांत यू. एच्. एफ्. कनेक्टरचें पितळी अंग डाख देऊन बसविलें. ज्याच्याजवळ लहान लेथ होता, तो आंतला भाग हवा तितका कोरून घेई. मधली तार बहुधा ॲल्युमिनियमची असून तिच्यावर तांब्याचा पातळ थर असतो. चाकूनें ती खरवडली, कीं थर निघून जातो आणि डाख लागेनासा होतो. तेव्हां येथें हात हलका ठेवावा लागे.

शिवाय हार्डलाइन ७५ ओहमची आणि हौशी यंत्रें ५० ओहमचीं. या विसंगतीमुळें सांध्यापाशीं शेंकडा ४ शक्ति परत फिरते. पण केबलची लांबी तिच्यांतील अर्ध्या लहरीच्या पटींत ठेविली, तर एका टोंकाचा इम्पीडन्स दुसऱ्या टोंकास जसाच्या तसा दिसतो; ही युक्ति या लोकांना ठाऊक होती. तसेंच १४ मेगॅहर्ट्झवर लहर सुमारें २१ मीटर लांब असते. तेथें दोन-तीन सेंटिमीटरांच्या सांध्यांतील चूक जाणवतहि नाहीं. १२९६ मेगॅहर्ट्झवर तीच लहर अवघी २३ सेंटिमीटर होते, आणि मग नळाच्या सामानावर भागत नाहीं. व्यासांचें प्रमाण काटेकोर राखावें लागतें.

घरगुती सांध्याचा खरा वैरी पाणी. पितळ व ॲल्युमिनियम एकत्र असतां ओल शिरली, कीं ॲल्युमिनियम झिजूं लागतें आणि पांढरी भुकटी जमते. उन्हाथंडीनें नळी लांबते-आंखडते, आणि मधली तार खिळीपासून निसटूं पाहते. यावर इलाजहि साधेच निघाले: ॲल्युमिनियमच्या सांध्यांना वीजकामांत लावतात तें मलम आंत भरावें, वरून आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळावी, आणि केबलला एक सैल वळण ठेवावें. ज्यांनीं हें केलें नाहीं, त्यांचे सांधे पहिल्या दोन-तीन हिंवाळ्यांत गेले.

घरीं केलेली वस्तु घरची म्हणूनच चांगली, असें कोणी समजूं नये. परत फिरणारी शक्ति दाखविणारें एक लहानसें मापनयंत्र प्रक्षेपकाजवळ जोडतात. सांधा कारखान्यांतून आला कीं गॅरेजांतून, हें त्याच्या कांट्यास कळत नाहीं; व्यासांचें प्रमाण राखलें गेलें कीं नाहीं, एवढेंच तो सांगतो. सोळाव्या वर्षीं शाळा सोडलेल्या माणसानें दिलेल्या शब्दाचा अर्थ ज्यानें नीट समजून घेतला, त्याला नळाच्या दुकानांतील पितळ पुरेसें झालें.