आधार बदलतो, स्वर राहतो

विद्युत्-गिटार हे वाद्य आज सर्वपरिचित असले, तरी त्याच्या अंगात बसविलेल्या एका लहानशा अवयवाच्या आधाराचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. तारेचे कंपन विजेच्या लहरींत उतरविणाऱ्या ह्या अवयवास वादक ‘पिकअप’ म्हणतात. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली, की त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मात्र चुंबक तारेच्या फार जवळ आला, तर तो तिला ओढू लागतो व स्वर डळमळतो. फार दूर गेला, तर आवाज क्षीण होतो. नेमके अंतर काही मिलिमीटरांचेच असते. ते राखावे कसे, ह्या प्रश्नाच्या उत्तरांतूनच आपला विषय घडला आहे.

जॉर्ज बीचम ह्यांनी १९३१ च्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे घडविलेल्या गिटारीत तारांवर नालेच्या आकाराचे दोन चुंबक कमानीसारखे बसविलेले होते. पुढे १९३६ साली गिब्सन कंपनीने आपली ‘ई-एस १५०’ ही गिटार काढली. तिच्या पोकळ अंगात दडविलेले जड चुंबक वरून दिसणाऱ्या तीन स्क्रूंवर टांगलेले असत. चार्ली क्रिश्चन ह्या वादकाने ती नावारूपास आणली. १९५४ साली लिओ फेंडर ह्यांच्या ‘स्ट्रॅटोकास्टर’मध्ये तीन पिकअप प्लॅस्टिकच्या पट्टीखाली प्रत्येकी दोन स्क्रूंनी लोंबत ठेवण्यात आले. स्क्रूभोवती रबराच्या नळीचा आखूड तुकडा असे. स्क्रू पिळला, की रबर दबून पिकअप वर येई. सैल केला, की रबर त्यास खाली लोटी. गिब्सनमधील सेथ लव्हर ह्यांनी गुणगुण नाहीशी करणारा दुहेरी वेढ्यांचा पिकअप रचला. त्याच्या पेटंटासाठी १९५५ साली अर्ज झाला व १९५९ साली ते मिळाले. तो प्लॅस्टिकच्या चौकटीत स्क्रू व स्प्रिंग ह्यांच्या आधारे बसविला जाई.

कालाने ह्या आधारासच प्रथम ग्रासले. चुंबक व तांबे दीर्घकाळ टिकतात. रबर मात्र हवा व उष्णता ह्यांनी कडक होऊन भुगा होते, स्प्रिंगची उसळी जाते, घामाच्या ओलाव्याने स्क्रू गंजतात. मग पिकअप एका बाजूस कलतो, हादरतो, आणि आवाज वाढविताच किंचाळू लागतो. पुष्कळांस वाटते, की पिकअपच निकामी झाला. वस्तुतः झिजलेला असतो तो केवळ त्याचा आधार.

दुरुस्ती सोपी, पण हलक्या हाताची आहे. तारा उतरवून पट्टी उचलावी, जोडलेल्या विजेच्या तारांस ताण देऊ नये. जुने रबर काढून त्याच मापाचे नवे तुकडे सारख्या लांबीचे कापावेत. स्क्रूचे आटे पारखून घ्यावेत. अमेरिकन गिटारींत ते इंची मापाचे, तर आशियात बनलेल्या पुष्कळ गिटारींत मेट्रिक मापाचे असतात. जुन्या फेंडर पिकअपांत आटे तंतुमय पुठ्ठ्याच्या तळपट्टीतच पाडलेले असल्यामुळे चुकीचा स्क्रू दडपल्यास ते कायमचे जातात. पेचकस घसरला, तर मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी ती तार तुटून पिकअप मुका होतो.

येथे संग्राहकांची अडचण उभी राहते. जुन्या गिटारीचा प्रत्येक स्क्रू मूळचा असावा, असा त्यांचा आग्रह असतो, कारण बदललेल्या भागाने किंमत उतरते. परंतु भुगा झालेले रबर जपण्यासाठी वाद्य मुके ठेवावे काय? निर्मात्यांनीच हा भाग वाद्यापासून सुटा ठेवला. वेढ्यांशी एकजीव केला नाही. म्हणून उतरविलेले तुकडे पुडीत बांधून गिटारीच्या पेटीत ठेवावेत, म्हणजे पुढील धन्यास मूळ काय होते ते कळेल. आणि नव्या आधारावर वाद्य वाजते करावे.

आपल्या मंदिरांतील भजनाच्या साथीस तंबोरा धरणाऱ्यास हे नवे नाही. घोडीवरील सुताचा दोरा झिजला, की तो बदलतो, जवारी पुन्हा घासून घेतो, आणि तंबोरा वाडवडिलांचाच राहतो. जीर्णोद्धार ह्या शब्दात उद्धार महत्त्वाचा आहे. जीर्ण तेवढे काढावे, ते वाद्य गाते राहावे म्हणून.